मुलगी जेवत नाहीये: ईटिंग डिसऑर्डरच्या उपचारात आईबाबांनी नेमकं काय करायचं, पायरी पायरीने

मुलगी नीट जेवत नाहीये, वजन उतरत चाललंय, आणि विचारलं की "भूक नाही", "अ‍ॅसिडिटी झालीय", "शाळेत खाल्लं" यातलं काहीतरी उत्तर येतं. आधी गोड सुटलं, मग तूप, मग भात, मग रात्रीचं जेवणच. सुरुवातीला घरच्यांना बरंच वाटलेलं असतं कारण पोर व्यायाम करतेय, बाहेरचं खात नाही, आणि लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक जण "किती छान बारीक झालीस गं" म्हणतोय. मग कधीतरी लक्षात येतं की चार महिने पाळी आलेली नाही, केस पुंजक्याने गळतायत, एप्रिलमध्ये ती स्वेटर घालून बसलीय आणि ताटावरून घरात रोज रडारड होतेय. मुलग्यांनाही होतो हा आजार, फक्त तो जिम आणि प्रोटीनच्या नावाखाली लपतो म्हणून अजून उशिरा कळतो.

मी अशा घरांसोबत समुपदेशक म्हणून काम करते, आणि आईबाबांना पहिल्या भेटीत मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहितेय. मूळ गोष्ट एवढीच आहे की पोर बरी होईपर्यंत काय खायचं, किती खायचं, कधी खायचं हे तिने ठरवायचं नाही, आईबाबांनी ठरवायचं आणि रोज समोर बसून ते तिच्या पोटात जाईल हे बघायचं. ऐकायला सोपं वाटतं पण करायला फार कठीण आहे, म्हणून बाकीचा लेख.

हे कुठून आलं

वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जायच्या या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्वोसा हे नाव १८७० च्या दशकात लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी दिलं, आणि त्यांचं मत होतं की अशा रुग्णाची काळजी घ्यायला घरचे लोक सगळ्यात वाईट. पुढची शंभर वर्षं साधारण हाच विचार चालला, मुलीला आईबाबांपासून लांब ठेवा, आईचंच काहीतरी चुकलंय वगैरे. मग लंडनच्याच मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आयस्लर, जेराल्ड रसेल यांच्या टीमने उलटा प्रयोग केला. हॉस्पिटलमध्ये नर्स शेजारी बसून, धीर देत, मागे न हटता मुलींना खाऊ घालायच्या आणि वजन वाढायचं, पण घरी गेलं की परत उतरायचं. मग हेच काम आईबाबांना का शिकवू नये? १९८७ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. १९ व्या वर्षाआधी आजार सुरू झालेल्या आणि आजाराला तीन वर्षं व्हायच्या आत आलेल्या मुलांमध्ये, एकट्या मुलाच्या थेरपीपेक्षा कुटुंबासोबतच्या उपचाराने जास्त फायदा झाला. नंतर अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी याची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या २०१० च्या अभ्यासात १२ ते १८ वर्षांची १२१ मुलं होती, आणि उपचार संपल्यावर वर्षभराने पाहिलं तर कुटुंबासोबत उपचार झालेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्याने थेरपी घेतलेल्यांपैकी २३ टक्के. म्हणजे ही जादू नाही, निम्म्या मुलांना याहून जास्त वेळ आणि मदत लागते, पण या वयात सुरुवात करायला एवढा चांगला पुरावा असलेली दुसरी पद्धत नाही. ब्रिटनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गाइडलाइनमध्येही मुलांसाठी पहिला पर्याय हाच आहे.

यात एक गोष्ट पक्की ठरलेली आहे ती म्हणजे कारण शोधत बसायचं नाही. तुमच्यामुळे झालं का, मैत्रिणीने जाडी म्हटलं म्हणून झालं का, दहावीच्या टेन्शनने झालं का, हे सगळं नंतर. जुळ्यांवरच्या अभ्यासांमधून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो, आणि आईबाबांनी हा आजार घडवला असं मानायला आधार नाही. तुम्ही कारण नाही आहात, पण उपाय मात्र तुमच्याच हातात आहे.

पायरी १: आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर

घरी काहीही सुरू करायच्या आधी बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडून शरीराची तपासणी. झोपून आणि उभं राहून नाडी, ब्लड प्रेशर, शरीराचं तापमान, ईसीजी, रक्तात पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, शुगर. दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली, ब्लड प्रेशर ९०/४५ च्या खाली, तापमान ३५.६ सेल्सिअसच्या खाली, चक्कर येऊन पडणं, किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) त्या वयाच्या मुलांच्या मधल्या बीएमआयच्या ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली, यातलं एक जरी असलं तरी अ‍ॅडमिट करायचा विचार डॉक्टरांनी करायला हवा, आणि ते स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा. "नाडी कमी आहे म्हणजे खेळाडूसारखं हार्ट आहे" असं कुणी म्हणालं तर मान हलवून घरी येऊ नका, उपाशी शरीरातलं मंद हृदय ही वेगळी गोष्ट आहे.

आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजारात रक्ताचे रिपोर्ट बऱ्याचदा खूप उशिरापर्यंत नॉर्मल येतात. शिवाय आधी जाड असलेल्या मुलीचं पंधरा किलो वजन चार महिन्यांत उतरलं तर दिसायला ती "आता कुठे नॉर्मल" दिसते, पण आतून तेवढीच आजारी असू शकते.

पाच दिवसांहून जास्त काळ पोर जवळपास काहीच खात नसेल तर घरी एकदम ताट भरून सुरू करायचं नाही हे लक्षात ठेवा. उपाशी शरीरात अचानक अन्न गेलं की रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम झपकन खाली येऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत, रोज रक्त तपासत. पायाला सूज, धाप, गोंधळल्यासारखं वागणं दिसलं तर थेट हॉस्पिटल.

टीम म्हणाल तर बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि कुटुंबासोबत काम करायची तयारी असलेला सायकॉलॉजिस्ट एवढे लागतात. या पद्धतीचं ट्रेनिंग घेतलेले थेरपिस्ट आपल्याकडे कमी आहेत हे खरंय, पण ऑनलाइन सेशन होतात, आणि पद्धत समजून घ्यायला तयार असलेला जवळचा सायकॉलॉजिस्टही चालतो. कुठून सुरुवात करावी तेच कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. डाएटिशियनकडे मुलीला एकटीला पाठवू नका, डाएटिशियनने तुमच्याशी बोलायचं. जे घरवाले ब्रिटनमध्ये आहेत त्यांनी जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) थेट मुलांच्या ईटिंग डिसऑर्डर टीमकडे रेफर करायला सांगावं, तिथे अर्जंट केस एका आठवड्यात आणि साधी चार आठवड्यांत बघायचं उद्दिष्ट ठरलेलं आहे, "थोडं थांबून बघू" हे ऐकून परत येऊ नका. आणि भारतात अ‍ॅडमिट करायची वेळ आली तर पॉलिसी काढून बघा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय.

पायरी २: घरातल्या मोठ्यांची एकी

माझ्या अनुभवात उपचार इथे अडतो, ताटावर नाही. आई म्हणते पूर्ण पोळी, बाबा म्हणतात "जाऊ दे गं, अर्धी तरी खाल्ली ना", आजी म्हणते "किती छळता पोरीला". आजाराला एवढी फट पुरते. म्हणून मुलगी झोपल्यावर सगळ्या मोठ्यांनी बसून ठरवा की ताट कोण वाढणार, समोर कोण बसणार, नाही खाल्लं तर काय करणार, आणि मुलीसमोर एकमेकांचं बोलणं खोडायचं नाही. पटलं नाही तरी नंतर खोलीत जाऊन बोला.

बाबांनी दिवसातलं किमान एक जेवण पूर्ण सांभाळायचंच. आपल्याकडे सहज होतं काय की स्वयंपाक आईचा म्हणून हा आजारही आईचा होतो आणि दोन महिन्यांत आई पार कोसळते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दोघांपैकी एकाने तरी रजा काढायला लागते, ऑपरेशनला काढली असती तशीच. एकटी आई किंवा एकटे बाबा असतील तर मावशी, आत्या, मामा, शेजारच्या काकू, ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एकाला खरंच रोज यायला सांगा. एकत्र कुटुंब असेल तर निर्णय दोघांचाच, बाकीच्यांनी साथ द्यायची.

आजीआजोबांना नीट समजावून सांगा, टाळू नका. त्यांनी आयुष्यात भूक बघितलेली असते आणि भरल्या घरात पोर उपाशी राहते हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही, म्हणून "नखरे आहेत" असं तोंडातून जातं. पण एकदा कळलं की आजीइतकं चिकाटीने शेजारी बसणारं दुसरं कुणी नसतं.

पायरी ३: ती असं का वागतेय

हे कळलं नाही तर राग आवरत नाही, म्हणून मध्येच सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला साधारण १,५०० ते १,६०० कॅलरी. ते तरुण दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले, पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले, घास चिवडत तासन्‌तास जेवायला लागले, चिडचिडे झाले, उदास झाले, मित्रांपासून तुटले. त्यांना कुठलाही मानसिक आजार नव्हता, ते फक्त उपाशी होते. आता तुमची पोर रात्री दोनपर्यंत रेसिपीचे रील बघते, घरच्यांसाठी केक करते आणि स्वतः चव पण घेत नाही, पोळीचे बत्तीस तुकडे करते, हे त्याच्याशी ताडून बघा. मेंदू उपाशी आहे. उपाशी मेंदूशी वाद घालून, समजावून, गुगलचे लेख दाखवून तो बरा होत नाही, आधी पोटात अन्न जायला लागतं. म्हणून या उपचारात मन मोकळं करायच्या गप्पा वजन वाढल्यानंतर येतात.

आणि आजार वेगळा, मुलगी वेगळी. ताट फेकणारी, "तू माझी आई नाहीसच" म्हणणारी जी आहे ती भीती आहे. १०४ ताप असताना पोराने गोळी थुंकली तर आपण त्याच्याशी भांडत नाही आणि गोळी द्यायचीही सोडत नाही, तसंच.

पायरी ४: ताट

काही महिने स्वयंपाकघर मुलीसाठी बंद. भाजी ती चिरणार नाही, तेल किती पडतंय ते उभी राहून बघणार नाही, वाढणार तुम्ही. काय खायचं हे तिच्याशी ठरवायचं नाही, "काय खाशील?" हा प्रश्नच घरातून काढून टाका, कारण त्या प्रश्नाने तिच्या डोक्यात तासाभराचं युद्ध सुरू होतं आणि उत्तर कायम "काकडी" असतं.

दिवसाला तीन जेवणं आणि दोन किंवा तीन मधलं खाणं, तीन-साडेतीन तासांच्या पुढे गॅप नको. किती? वजन वाढायला अशा मुलांना दिवसाला २,५०० ते ३,००० कॅलरी किंवा त्याहूनही जास्त लागतात, ऐकून आईबाबांचे डोळे विस्फारतात पण उपाशी शरीर दुरुस्तीला खूप इंधन जाळतं. आकडा डॉक्टर आणि डाएटिशियनकडून घ्या आणि मुलीला सांगू नका. बाहेरून काही विशेष आणायला लागत नाही, आपला जुना स्वयंपाकच कामाचा आहे: वरण-भातावर चांगलं दोन चमचे तूप, तूप लावलेली पोळी, थालीपीठ लोण्यासोबत, फुल क्रीम दूध, शिकरण, खीर, शेंगदाण्याचा किंवा डिंकाचा लाडू, पनीर, अंडी, मासे खाणाऱ्या घरात मासे, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. पोटाला पटकन तडस लागते म्हणून थोडक्यात जास्त ताकद असलेलं द्या, सूप आणि सॅलडने पोट भरवू नका.

दोन वर्षांपूर्वी ती काय आवडीने खायची त्याची यादी काढा. पाणीपुरी, पुरणपोळी, पावभाजी, बटाटेवडा, जे असेल ते. ते सगळं परत यायला हवं, एकेक करून, कारण वजन वाढलं पण ती आयुष्यभर पाच "सेफ" पदार्थांवर राहिली तर आजार गेला असं मी तरी म्हणणार नाही. आजारी पडायच्या आसपास अचानक "मी आता व्हेजिटेरियन झाले", "मला दूध चालत नाही", "ग्लुटेनचा त्रास होतो" असं सुरू झालं असेल तर ते आजाराचं समजून चाला, खरी अ‍ॅलर्जी डॉक्टर तपासतील.

पायरी ५: टेबलाशी

ठरलेली वेळ, ठरलेली जागा, सगळ्यांनी एकत्र, फोन लांब. एक मोठा माणूस तिच्या शेजारी आणि शक्यतो तोही तेच खातोय. जेवणाला अर्धा-पाऊण तास, मधल्या खाण्याला पंधरा-वीस मिनिटं. गप्पा कशाच्याही मारा, क्रिकेट, मालिका, शेजाऱ्यांची मांजर, फक्त अन्नाच्या, वजनाच्या, दिसण्याच्या नकोत. काहींना शेजारी बसून कोडं सोडवलं, अंताक्षरी खेळली की घास जातो, तेही चालतं.

ती अडली की बोलायचं, पण थोडं आणि एकाच सुरात. "मला दिसतंय तुला खूप भीती वाटतेय. घास घे." "हे तुझं औषध आहे. पुढचा घास." "मी कुठे जात नाहीये, बसलेय इथेच." बस. भाषण नको, आफ्रिकेतली मुलं नकोत, "आमच्यासाठी तरी खा" पण नको कारण त्याने तिच्या डोक्यावर अजून अपराधीपणा बसतो. कॅलरीवर वाद घालायचा नाही, ती विचारेल यात किती तूप आहे, उत्तर "डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं". "आज छान जेवलीस हं!" हे सुद्धा टाळा, आपल्याला कौतुक वाटतं पण तिच्या आत तो आवाज लगेच म्हणतो बघ, हावरट. "झालं, चल आता पत्ते खेळू" एवढं पुरे.

पूर्ण नाही संपवलं तर? तेवढंच अन्न किंवा त्याच्या ताकदीचा मिल्कशेक, आणि ते होईपर्यंत दिवसाचं बाकी काही पुढे सरकत नाही, क्लास नाही, फोन नाही, मैत्रिणीकडे जाणं नाही. ही शिक्षा म्हणून सांगायचं नाही, आवाज न चढवता एवढंच सांगायचं की शरीरात इंधन नसताना बाहेर पडणं सेफ नाही. जबरदस्तीने तोंडात कोंबणं, हात धरणं, मारणं अजिबात नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आरडाओरडा वाढतो, आधीपेक्षा वाईट दिसतं, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात की हे काही जमत नाहीये. त्या आठवड्यांत सोडू नका, कारण संशोधन असं सांगतं की पहिल्या चार-पाच आठवड्यांत साधारण दोन किलो वाढ झाली तर पुढे बरं व्हायची शक्यता चांगली असते, नाही झाली तर थेरपिस्टने प्लॅन अजून घट्ट करायचा असतो.

जेवणानंतर तासभर ती नजरेसमोर, बाथरूमला जायचं असेल तर जेवणाआधी. रुमाल, बाह्या, खिसे, कुत्र्याचं भांडं, खिडकीखालची कुंडी यावर लक्ष ठेवा पण पोलिसासारखी झडती घेत अपमान करू नका, सापडलं तर शांतपणे परत वाढा. व्यायाम पूर्ण बंद, त्यात जिने चढउतार, उभं राहून अभ्यास, रात्री दार लावून सूर्यनमस्कार हे पण आलं. गरज पडली तर आईने काही दिवस तिच्याच खोलीत झोपावं.

मरण्याची भाषा आली, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर "धमकी देतेय" म्हणून सोडू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा, गोळ्या, फिनाइल, ब्लेड कुलपात ठेवा, एकटी सोडू नका.

पायरी ६: वजन, शाळा, आणि लोक

घरातला वजनकाटा काढून टाका. वजन आठवड्यातून एकदा, डॉक्टर किंवा थेरपिस्टकडे, तेही हलक्या कपड्यात आणि बाथरूमला जाऊन आल्यावर, कारण पाणी पिऊन जाणं वगैरे होतं. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ चांगली. टार्गेट म्हणून चार्टवरचा एकच आकडा धरून बसू नका, लसीकरणाची फाइल, शाळेचं हेल्थ कार्ड शोधा आणि ती लहानपणापासून ग्रोथ चार्टवर कुठल्या रेषेवर वाढत होती ते डॉक्टरांना दाखवा, तिने परत त्या रेषेवर यायचंय. उंची वाढली की टार्गेटही वाढतं. पाळी परत येणं ही चांगली खूण आहे पण ती आली म्हणजे संपलं असं नाही.

शाळेचं म्हणाल तर सुरुवातीचे काही आठवडे घरीच राहिलेलं बरं. दहावी-बारावी असेल तर आईबाबांचा जीव इथे अडकतो, मला समजतं, पण हाडं मजबूत व्हायची हीच वर्षं असतात आणि तेव्हा पाळी बंद राहिली तर झालेलं नुकसान नंतर भरून निघेलच असं नसतं, परीक्षा परत देता येते. शाळा सुरू झाली की पीटी आणि ग्राउंड बंद, डबा एखाद्या टीचरसमोर किंवा समुपदेशकाच्या खोलीत, आणि ते शक्य नसेल तर मधल्या सुट्टीत घरचं कुणीतरी जाऊन गाडीत बसून खाऊ घालतं, असं करणारे बाबा मी पाहिलेत आणि त्यांच्या मुली बऱ्या झाल्यात.

नातेवाईकांना आधीच फोन करून सांगा: "तब्येत बरी नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय की तिच्या खाण्यावर आणि दिसण्यावर कुणी बोलायचं नाही." बारीक झालीस पण नाही, आता छान भरलीस पण नाही. हे दुसरं वाक्य तर जास्त घातक, वजन वाढत असताना एका काकूंच्या अशा वाक्याने दोन आठवड्यांची मेहनत गेलेली बघितलीय.

उपवास बंद. चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र काहीही असो, या आजारात उपवास म्हणजे उपाशी राहायला मिळालेली सगळ्यांची परवानगी असते आणि कुणी प्रश्न विचारत नाही. आजारी माणसाला आणि मुलांना उपवासातून सूट आहे हे आजीच सांगेल. मुलीच्या आईने पण त्या काळात उपवास, डाएट, कीटो, "मी फक्त ताक घेईन" हे सगळं बाजूला ठेवावं. स्वतःचं ताट रिकामं ठेवून पोरीला खा म्हणता येत नाही.

भावंडांना विसरू नका. धाकट्याला वाटतं ताई मरणार आहे, किंवा वाटतं घरात माझं कुणी नाहीच, आणि तो बिचारा बोलत नाही. त्याला त्याच्या वयाला कळेल असं सांगा, आणि त्याचं काम फक्त ताईशी भाऊ म्हणून वागणं, नंतर तिच्यासोबत कॅरम खेळणं, सिनेमा बघणं. ताई काय लपवते ते सांगायला त्याला लावू नका.

उलट्या आणि बिंज असेल तर

बुलिमियात, म्हणजे एका बैठकीत ताबा सुटून खूप खाणं (बिंज) आणि मग उलटी काढणं यात, वजन नॉर्मल दिसतं म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. कानाखाली गाल सुजलेले, बोटांच्या पेरांवर घट्टे, जेवल्या जेवल्या नळ सोडून बाथरूम, डबेच्या डबे रिकामे. पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तपासणी तातडीने करा. पद्धत तीच पण इथे मुलीलाच या प्रकाराची लाज आणि कंटाळा असतो, म्हणून तिच्याशी मिळून ठरवता येतं, कुठली वेळ अवघड जाते, तेव्हा शेजारी कोण हवं. उपाशी राहणं थांबलं की बिंज कमी होतं, म्हणून इथेही वेळेवर जेवण हाच पाया. ओरडू नका, आणि उलटी झालीच तर लगेच ब्रश न करता फक्त पाण्याने चूळ भरायला सांगा, दातांसाठी.

केव्हा ही पद्धत जशीच्या तशी नको

घरात मारहाण असेल, मुलीवर घरातल्याच कुणाकडून अत्याचार झाला असेल, किंवा आई-बाबांपैकी कुणी स्वतः व्यसनात किंवा गंभीर आजारात असेल तर आधी त्याचं बघायला लागतं. आणि ज्या घरात टोचून बोलायची फार सवय आहे तिथे एकत्र सेशन घेतले की मुलगी अजून मिटते, अशा वेळी आईबाबांना वेगळं भेटून उपचार करता येतात. मेलबर्नमध्ये २०१६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात थेरपिस्ट फक्त पालकांना भेटत होता, मुलांचं वजन-तब्येत नर्स बघत होती, आणि उपचार संपताना त्याचे निकाल एकत्र सेशनपेक्षा चांगले आले. म्हणून मुलगी सेशनला यायलाच तयार नाही एवढ्यावर घरी बसू नका, तुम्ही जा.

पायरी ७: हळूहळू परत तिच्या हातात

पूर्ण उपचार साधारण सहा महिने ते वर्षभर, वीसेक सेशन. वजन बऱ्यापैकी परत आलं आणि जेवणं मोठ्या भांडणाशिवाय व्हायला लागली की उपचाराचा दुसरा टप्पा, आतापर्यंतचं सगळं पहिला टप्पा. आधी संध्याकाळचं खाणं तिने निवडायचं, तुम्ही बघताय. आठवडाभर वजन टिकलं की नाश्ता तिने वाढून घ्यायचा. मग शाळेचा डबा मैत्रिणींसोबत, मग बाहेर पिझ्झा, मग एखादी रात्र मावशीकडे. एका वेळी एकच गोष्ट सोडा आणि वजन घसरलं तर लाज न वाटता एक पाऊल मागे या. घाई मुलीपेक्षा आईबाबांना जास्त असते, दमलेले असतात, "आता बरी आहे" हे फार ऐकावंसं वाटतं. शरीर आधी सावरतं, डोक्यातले विचार बरेच महिने मागे राहतात. खेळ आणि डान्सही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आधी आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी जास्तीचं खाणं.

तिसऱ्या टप्प्यात जेवणाचा विषय मागे पडतो आणि बाकीचं वय पुढे येतं, मित्रमैत्रिणी, अभ्यास, स्वतःची खोली, आईबाबांशी वाद. परफेक्शनचं भूत, चिंता, नैराश्य राहिलं असेल तर एकटीची थेरपी आता उपयोगी पडते कारण मेंदू आता जागेवर असतो.

परत घसरण्याचा प्लॅन मात्र लिहून ठेवा, ती बरी असतानाच आणि तिच्यासोबत बसून. कुठल्या खुणा दिसल्या की कुणी काय करायचं, किती किलो उतरलं की विचारपूस न करता थेट तुम्ही ताट वाढायला सुरू करणार, हे सगळं. बारावीनंतर हॉस्टेलला जायचं असेल तर आधी घरी सहा महिने तरी स्वतःचं स्वतः व्यवस्थित खाऊन वजन टिकलेलं हवं, तिथल्या गावात वजन बघणारा एक डॉक्टर ठरलेला हवा, पहिले काही महिने दर पंधरा दिवसांनी वजनाचा आकडा त्या डॉक्टरांकडून तुम्हाला कळणार हे तिने मान्य केलेलं हवं, आणि दोन वेळा सलग वजन उतरलं तर सामान घेऊन घरी, कॉलेज पुढच्या टर्मला, हे जायच्या आधीच तिघांनी मिळून ठरवायचं.